जाळी वापरात नसताना बंद ठेवावी

५ जानेवारी

मामा,

पत्रातून जेवढं वाकता येतं तेवढी वाकून नमस्कार करते आहे असं समजा.

मामीला घरी आणल्याचं आईनं कळवलं. खुब्याचं हाड बसवलं, पण निदान वर्षभर तरी चाकांच्या खुर्चीतून उठायचं नाही, असं डॉक्टर म्हणाले म्हणे. मी तशीच निघाले असते. पण नगरपालिकेनं पाठवलेल्या या प्रशिक्षणाला पहिले सहा महिने रजाच नाही आणि गाडीनं यायचं तर चौदा तास. फोन करायचा, तर रंधा मशीननं तुमच्या कानांत ऐकू येण्यासारखं काही शिल्लक ठेवलेलं नाही. म्हणून पत्र. नाहीतरी शाळेत जायच्या आधी, अकरा वर्षांची होईपर्यंत तुम्ही दोघांनी मला घरी शिकवलंत, तेव्हा दिवसाचा पहिला धडा पत्राचाच असायचा. कामाच्या खोलीतून स्वयंपाकघराला पत्र. तुम्ही लाल पेन्सिलीनं चुका काढून ते परत पाठवायचात.

आता एक गोष्ट सांगते, रागावू नका. मला तुमचे हात माहीत आहेत. खुर्ची दारातून जात नाही असं दिसलं, की तुम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी चौकट उपसायला घ्याल. तसं करू नका. आपली गल्ली संरक्षित आहे. रस्त्यावरून दिसणारं काहीही बदलायचं, मग ते दार असो, जाळी, पायरी किंवा छपराचा उतार, तर आधी नगरपालिकेची परवानगी. घराच्या आत काय हवं ते करा. दर्शनी भागाला मात्र अर्जाशिवाय हात नको.

दाराचं माप कळवा. मामी जेवते ना नीट?

इथे मला वसतिगृहात तिसऱ्या मजल्यावरची खोली मिळाली आहे. खिडकी रंगानं चिकटून बसली आहे, उघडत नाही. रखवालदाराला सांगितलं, तर म्हणाला, हवा पाहिजे तर दार उघडं ठेवा. दार उघडलं की समोर दुसरं दार.

तुमची,
फूटपट्टी


१४ जानेवारी

फूटपट्टी,

आशीर्वाद, आणि डोक्यात एक हलकी टपली.

पत्र मिळालं. दोन चुका आहेत. लाल करून ठेवल्यात, आलीस की दाखवीन. नगरपालिकेत साहेबीण झालीस म्हणून सूट नाही.

दार बासष्ट सेंटिमीटर. खुर्ची सहासष्ट. म्हणजे माझ्या दोन अंगठ्यांएवढ्या अंतरावर तुझी मामी अडकली आहे. लहान खुर्ची चालत नाही, पायाला आधाराची फळी लागते. खुर्चीची घडी होते. मामीची घडी होत नाही. दवाखान्यातून आणली तेव्हा दोन माणसांनी तिला आडवी धरून आत घातली. कपाट आत घ्यावं तशी. तिनं त्या दोघांना जे काही सुनावलं, ते ऐकू न आल्याचं मला पहिल्यांदाच वाईट वाटलं.

मागून बाहेर काढावी, तर मागे गोदामाची भिंत. तू विसरली नसशील.

मी विचार केलाय. दाराला लागून जी जाळी आहे ती अठ्ठेचाळीस सेंटिमीटर. ती बिजागरीवर घ्यायची. मधली उभी पट्टी जाळीबरोबरच फिरेल. बंद असली की आहे तश्शी. उघडली की एकशे दहाची वाट, खुर्ची काय, बैल जाईल. अर्ज केलाय, नकाशा जोडलाय. खिडकीवरचा कारकून म्हणाला, "आजोबा, नकाशा कुणी काढून दिला?" मी म्हटलं, "ज्यानं तुमच्या साहेबाचं टेबल बनवलं त्यानं."

मामी आत जाळीपाशी बसते आणि भोकांतून गल्ली बघते. पस्तीस वर्षं नर्स म्हणून ही बाई घरात ठरली नाही. आता समोरच्या शिंप्याला इथून ओरडून विचारते, "तुमच्या सुनेचा रक्तदाब पाहिला का?" तो बिचारा तिथून ओरडून सांगतो. अख्ख्या गल्लीला त्याच्या सुनेचा रक्तदाब पाठ झालाय.

मामा


२२ जानेवारी

मामा,

नमस्कार.

अर्ज केलात, फार बरं केलंत. पुढे काय होतं ते सांगते, म्हणजे वाट बघताना चिडचिड होणार नाही. आधी तुमच्या दारावर एक नोटीस लागेल. शेजाऱ्यांना एकवीस दिवस हरकत घ्यायची मुभा असते. मग नगरपालिकेतल्या आमच्या जतन कक्षातला कुणीतरी सर्वेक्षणाचा तक्ता काढून बघेल, की जे बदलायचं आहे ते किती जुनं, किती महत्त्वाचं. त्यावर टिपण लिहील. ते जतन समितीपुढे जाईल.

मी कुणाला फोन करणार नाही. तुम्ही म्हणाला नाहीत, तरी सांगून ठेवते. माझ्या मामांचं घर आहे असं साहेबांच्या कानावर घातलं, तर अर्ज योग्य असला तरी अयोग्य दिसेल.

आणि एक भीती आहे, ती लपवत नाही. तीन वर्षांपूर्वी गल्लीतल्या दोनशे चौदा घरांचं सर्वेक्षण मीच केलं होतं. आपलं घर आलं तेव्हा मी साहेबांना म्हटलं होतं, हे दुसऱ्या कुणाला द्या. ते म्हणाले, मापात कसला आला पक्षपात? म्हणून मी आपलं घर दोनदा मोजलं आणि इतर घरांपेक्षा कडक होऊन लिहिलं. तुम्हाला आठवतं का? मी शिडीवर होते आणि विचारलं होतं, "मामा, जाळी मूळचीच ना?" तुम्ही पटाशीला धार लावत होतात. म्हणालात, "मूळचीच, मूळचीच."

जाळीच्या उभ्या पट्टीत मला एक बुजवलेलं भोक सापडलं होतं, आणि त्याच्या मधोमध तांबडा ठिपका. जुन्या रंगाचा अंश. साहेब स्वतः भिंग घेऊन आले नाहीत, माझ्या टिपणावरच खूश झाले. म्हणाले, इतक्या बारकाईनं कुणी बघत नाही. त्यामुळेच आपलं घर पहिल्या श्रेणीत गेलं, जाळीचा फोटो कक्षाच्या पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर आला, आणि मी नोकरीत कायम झाले.

पहिल्या श्रेणीत बदल सहसा मान्य होत नाहीत, मामा. पण तुमची सूचना इतकी जपून केलेली आहे, की समिती विचार करेल. मला आशा आहे.

खिडकीला मी खालून पट्टी घालून पाहिली. पट्टी वाकली.

फूटपट्टी


२ मार्च

फूटपट्टी,

आशीर्वाद.

उत्तर आलं. कागद छान आहे, जाड. खाली उतरवून देतो:

"सदर जाळी मूळची व अबाधित असून तिच्यावर मूळ रंगलेपाचा अंश आढळला आहे. पाहा सर्वेक्षण तक्ता क्रमांक सत्तावन्न. जाळी चौकटीतून सोडवल्यास अपरिमित हानी संभवते. सबब परवानगी नाकारण्यात येत आहे."

सत्तावन्न म्हणजे तुझाच तक्ता ना?

तुला बोल लावत नाही. कोपऱ्यावरचं घर पाडून तिथे काचेचा डबा उभा राहिला, तेव्हा गल्ली वाचवा म्हणून नगरपालिकेला जो अर्ज गेला त्यावर पहिली सही माझी आहे. शिंपी म्हणाला होता, "सुतारदादा, नियम आला की सगळ्यांना लागतो हं." मी म्हटलं, "लागू दे, मला काय करायचंय?" आता तो समोर बसून सुईत दोरा ओवतो आणि काही बोलत नाही. त्याचं न बोलणं मला ऐकू येतं.

मामी हल्ली ओरडत नाही. परवा म्हणाली, "भोकं मोजत बसते." त्या जाळीत अकरा गुणिले तेरा भोकं आहेत, एकशे त्रेचाळीस. तूही मोजणं त्यांच्यावरच शिकलीस.

एक विचारतो. समजा, नुसतं समजा, की ती जाळी तुला वाटते तेवढी जुनी नाही. तर तुझ्या तक्त्यात काही बदलता येतं का? आणि बदललं, तर तक्ता लिहिणाऱ्याचं काय होतं?

मामा


१० मार्च

मामा,

नमस्कार.

तुमचं पत्र चार वेळा वाचलं. शेवटचा परिच्छेद त्याहून जास्त वेळा.

तुम्ही काय विचारताय ते मला कळलं. जाळी जुनी नाही असं मी लिहावं, म्हणजे श्रेणी उतरेल आणि वाट मोकळी होईल. मामा, मला ते करता येणार नाही. मी डोळ्यांनी पाहिलं ते लिहिलं. आज मामीसाठी एका घराचं खोटं लिहिलं, तर उरलेल्या दोनशे तेरा घरांना मी कुठल्या तोंडानं सांगू, की तुमची खिडकी काढू नका? कुणाच्या घरात म्हातारं माणूस नाही? रेघ सरळ आली नाही तर पान फाड, पण वाकडी रेघ सरळ आहे म्हणू नको, हे मला कुणी शिकवलं?

मी दुसरे उपाय शोधले आहेत. दाराची कवाडं काढून आत सरकतं दार केलं, तर दोन सेंटिमीटर मिळतात. खुर्चीच्या चाकांच्या बाहेरच्या कड्या काढल्या, तर आणखी एक. तीन होतात. एक कमी पडतो. फेरविचाराचा अर्जही करता येतो. त्याला चार महिने.

मी वाईट आहे असं वाटत असेल तर वाटू दे. मी इथे रोज खिडकीशी उभी राहते आणि मामीचाच विचार करते.

तुमची भाची


८ एप्रिल

मामा,

दोन पत्रं पाठवली, उत्तर नाही. आईला विचारलं, तर म्हणते, "ठीक आहेत ती दोघं, तू अभ्यास कर." आई ठीक आहे म्हणते तेव्हा काहीच ठीक नसतं.

चुका दाखवायला म्हणून तरी लिहा.

फूटपट्टी


१५ एप्रिल

फूटपट्टी,

हे मी लिहितेय, मामी. तुझे मामा शिंप्याकडे गेलेत, तेवढ्यात उरकते. त्यांनी लिहू नको म्हणून बजावलंय. पण आजवर मी डॉक्टरांचं ऐकलं नाही, ते सुताराचं ऐकणार?

तुझं दहा मार्चचं पत्र त्यांनी वाचलं आणि घडी करून हत्यारांच्या पेटीत ठेवलं. मग रंधा मशीन सुरू केलं, लाकूड न घालताच.

गेल्या महिन्याच्या शेवटी दुपारी सरसाच्या शेगडीवर फडकं पडलं. मोठी आग नव्हती, भुसा पेटला आणि धूर झाला. ते पुढच्या खोलीत, मी आतल्या. हाका मारत मी खुर्ची ढकलत दारापर्यंत आले आणि दोन्ही बाजूंनी अडकले. पुढे जाईना, मागे येईना. माझ्यामुळे तेही बाहेर पडू शकेनात, कारण दारात मी. शिंप्यानं आणि त्याच्या सुनेनं मला बाहेरून ओढून चादरीवर घेतलं. सुनेला नववा महिना लागलाय, आणि ती मला ओढत होती. अर्ध्या गल्लीला जन्मताना मी या हातांनी बाहेर काढलं, पण मला बाहेर काढायला कुणाला जमेना.

मला काही झालं नाही. घसा चार दिवस बसला. घरात सगळ्यांना तेवढीच विश्रांती.

आता खरं सांगते. तुझ्या मामांनी तुला खोटं लिहायला सांगितलं नव्हतं गं. ते खरं सांगायचा प्रयत्न करत होते, आणि त्या माणसाला सरळ बोलता येत नाही.

मूळची जाळी वाळवीनं खाल्ली होती. तू पाच वर्षांची होतीस. त्यांनी जुनी समोर ठेवून तशीच नवी केली, दोन महिने लागले. तू दिवसभर त्यांच्या बाकाशी. एक भोक पाडलं की तू मोजायचीस, दुसरं पाडलं की पुन्हा पहिल्यापासून. एकदा ते गिरमिट फिरवत होते आणि तू विचारलंस, "मामा, एकशे त्रेचाळीसनंतर संपतं का?" त्यांना हसू आलं आणि भोक चुकीच्या जागी पडलं. तुझ्या हातात लाल पेन्सिलीचा तुकडा होता. त्यांनी तोच सरस लावून भोकात ठोकला आणि वरून तासला. तू रडलीस, पेन्सिल गेली म्हणून. मग चहाचं पाणी आणि काजळी लावून त्यांनी सगळी जाळी जुनी करून टाकली.

तू शिडीवर चढून विचारलंस, तेव्हा त्यांनी गंमत केली. आपली पोरगी ओळखते का बघू. तू ओळखलं नाहीस. आज सांगू, उद्या सांगू म्हणत राहिले. तेवढ्यात तो फोटो छापून आला आणि तू कायम झाल्याचं पत्र आलं. मग बोलायची सोय राहिली नाही. नाकारल्याचा कागद आला तेव्हा म्हणाले, "तिला विचारून बघतो, तिचं काही बिघडणार नसेल तरच बोलू."

दोघंही सरळ रेघेची माणसं, आणि मधे मी बसलेय.

शिंपी यांना घेऊन येतोय. पाकीट तोच टाकेल.

मामी


१९ एप्रिल

मामी, मामा,

दोघांना नमस्कार. मामा, रागवायचं असेल तर आधी पूर्ण वाचा.

मामीचं पत्र वाचलं आणि मला आठवलं. मी भोकं मोजायची, तेव्हा भोकांतून मला गल्ली दिसायची नाही. खाली भुसा दिसायचा आणि मामांच्या पायाची बोटं. ती जाळी आडवी होती. मामांच्या बाकावर. भिंतीतल्या जाळीतून कुणाला पायाची बोटं दिसतील? हे वीस वर्षं माझ्या डोक्यात होतं. मी शिडीवर चढले, भिंगाऐवजी डोळा लावला आणि स्वतःच्याच पेन्सिलीला प्राचीन रंग म्हणून नोंदवलं.

आज साहेबांना पाठवलेल्या पत्राची प्रत:

"तक्ता क्रमांक सत्तावन्नमधील माझी नोंद चुकीची आहे. जाळी सुमारे एकवीस वर्षांपूर्वीची आहे, म्हणजे हा भाग संरक्षित होण्याच्या बारा वर्षं आधीची, त्यामुळे घरमालकाकडून नियमभंग झालेला नाही. तांबडा ठिपका रंगलेप नसून कारखान्यात बनलेल्या लाल पेन्सिलीचं शिसं आहे. पेन्सिल माझी होती. घरमालक माझे मामा आहेत, आणि नोंद सुधारल्यानं त्यांचा फायदा होणार आहे. म्हणून माझ्या शब्दावर विश्वास न ठेवता प्रत्यक्ष पाहणी करावी. उर्वरित दोनशे तेरा तक्तेही दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्यावेत, ही विनंती."

शेवटचं वाक्य लिहावं की नाही, यावर दोन दिवस घालवले. न लिहिताही चाललं असतं. मग वाटलं, एका ठिकाणी मी माझ्या माणसाच्या शब्दावर लिहिलं, आणखी कुठे कुठे लिहिलं असेल ते मला माहीत नाही.

मामा, दहा मार्चच्या पत्राबद्दल काय म्हणू? तुम्हाला तुमचाच धडा फेकून मारला. मामी दारात अडकली तेव्हा मी इथे दोन अधिक एक तीन करत होते.

ते पत्र पेटीतून काढा आणि लाल करा. सगळंच्या सगळं.

फूटपट्टी


९ मे

फूटपट्टी,

आशीर्वाद. टपली जोरात.

तुला कुणी सांगितलं होतं दोनशे तेरा घरं गळ्यात बांधून घ्यायला? एका घराचं सांगून गप्प बसता आलं नसतं? मामी म्हणते, "तुम्हीच घडवलीत, आता धार लागली म्हणून ओरडू नका."

तुझे भिंगवाले साहेब आले होते, बरोबर दोन माणसं. तासभर जाळीसमोर उकिडवे. सगळी गल्ली बघायला. साहेब काय म्हणाले ते मी शिंप्याकडून पाटीवर लिहून घेतलं. म्हणून हे शब्दाला शब्द आहे.

साहेब म्हणाले, "ही तुम्ही केलीत याला पुरावा काय?"

मी म्हटलं, "मी प्रत्येक कामात सांध्याच्या आत खूण कोरतो. खालच्या कोपऱ्याचा सांधा उघडा, दिसेल."

"सांधा उघडायला परवानगी लागेल."

"मग द्या परवानगी."

"जाळी मूळची नाही असा पुरावा असल्याशिवाय ती कशी देणार?"

"पुरावा सांध्यात आहे."

"हो, पण सांधा..." असं म्हणून त्यांनी शिंप्याकडे बघितलं. शिंपी म्हणाला, "साहेब, माझ्याकडे बघू नका, मी कापडातला."

तेवढ्यात आतून मामीचा आवाज, "अहो, पेन्सिल बघा ना, पेन्सिल!"

त्यांनी भिंग लावलं. मी बोटानं दाखवलं. भोक गोल, पण आतला तुकडा गोल नाही. त्यांनी नखानं कडा मोजल्या, मोठ्यानं. एक, दोन, तीन. चौथीला आवाज बारीक झाला, असं शिंपी म्हणतो. सहा. सहा कडांची खुंटी, मधोमध लाल शिसं. कुठल्या जुन्या सुतारानं असली खुंटी केली असेल? त्यांनी भिंग खिशात ठेवलं. मग म्हणाले, "आम्ही हिचा फोटो मुखपृष्ठावर छापला."

मी म्हटलं, "आभारी आहे."

जाताना पुन्हा वळले आणि जाळीवरून हात फिरवला. "काम मात्र उत्तम आहे." हे शिंप्यानं लिहून दाखवायच्या आधीच मला कळलं होतं.

निर्णय समिती घेणार. तोवर मामी आत. सुनेला मुलगी झाली. मामी जाळीतून बघून आली, म्हणजे बाळाला जाळीपाशी आणून दाखवलं. भोकातून एक बोट बाहेर काढून तिनं बाळाच्या पायाला लावलं.

तुझं दहा मार्चचं पत्र काढलं. लाल करायला एक चूक सापडेना.

मामा


२ जून

मामा,

नमस्कार.

बाळाच्या पायाचं वाचून मी पत्र उलटं करून ठेवलं. थोड्या वेळानं पुढे वाचलं.

माझं काय झालं ते तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळायला नको. माझं कायमपण काढून घेतलं आहे, पुन्हा दोन वर्षं उमेदवारी. निर्णय देणाऱ्या टेबलावर मला बसवणार नाहीत. इथून परतले की दोनशे तेरा घरांना पुन्हा जायचं, प्रत्येक घरापुढे उभं राहायचं, बरोबर एक वरिष्ठ, आणि मी लिहिलेलं प्रत्येक वाक्य त्याच्यासमोर वाचून सिद्ध करायचं. साहेब म्हणाले, "तू मागितलंस तेच दिलं." खरं आहे.

मला वाटलं होतं, खरं लिहिलं की मोकळं वाटेल. तसं झालेलं नाही. मी रोज उठते आणि डोक्यात एकेका घराची खिडकी येते. सत्तेचाळीस नंबरची कमान, ती मी बघितली की त्या आजोबांनी सांगितली? त्र्याण्णवचा उंबरा? मी त्या गल्लीत आहे आणि मला कुठूनच बाहेर पडता येत नाही. तरी बरं, गल्ली आपली आहे.

एक सांगायचं राहिलं. तुम्ही शिडीखालून "मूळचीच" म्हणालात, त्याचा मला राग नाही. मी ओळखायला हवं होतं. तुमचा हात मी ओळखला नाही, याचंच जास्त लागलं.

समितीची बैठक आठ तारखेला. मला तिथे बसायला मनाई आहे, चौदा तासांवरून सुद्धा.

खिडकी अजून तशीच.

फूटपट्टी


१४ जून

फूटपट्टी,

आशीर्वाद.

कागद आला. पुन्हा जाड. घर दुसऱ्या श्रेणीत उतरवलं आहे, जाळी बिजागरीवर घ्यायला परवानगी. तीन अटी. बिजागऱ्या रस्त्यावरून दिसता कामा नयेत. रंग बदलू नये. तिसरी खाली सांगतो.

कागद दहाला आला, अकराला सकाळी मी चौकट सोडवली. खालचा सांधा निघाला तेव्हा आत माझी खूण होती. तिच्या शेजारी पेन्सिलीनं, वाकडंतिकडं, "१४३". हे तू कधी लिहिलंस मला माहीत नाही. मी लिहू दिलं असणार. साहेबांना कळवलं नाही. तुझ्या-माझ्यात राहू दे, त्यांना पुरावा मिळालाय.

परत बसवताना ते आत तसंच ठेवलं. लाल खुंटीही आहे तिथेच आहे.

काल दुपारी जाळी फिरवली. आवाज आला नाही म्हणे, मला तर येणारच नव्हता. मामी खुर्ची स्वतः ढकलत आली. उंबऱ्याशी थांबली. दोन्ही बाजूंना हात लावून बघितले, अडकतं का म्हणून. मग बाहेर. पायऱ्यांवर मी फळीचा उतार केलाय, तो आत ओढून घेता येतो. शिंप्यानं शिलाई थांबवली. सून बाळ घेऊन आली आणि तुझ्या मामीच्या मांडीवर ठेवलं. बाळाला तपासायला तिनं चष्मा मागवला, रक्तदाबाचं यंत्र मागवलं, आणि सुनेला सगळ्यांदेखत झापलं. सहा महिन्यांनंतर तिचा आवाज माझ्यापर्यंत पोचला.

तू लवकर ये. दोनशे तेरा घरं मीही बघेन म्हणतो तुझ्याबरोबर. तुझ्या वरिष्ठाला चालणार नाही, माहीत आहे. मी पलीकडच्या पायरीवर बसेन. सत्तेचाळीसची कमान खरी आहे, माझ्या गुरूनं दुरुस्त केलेली मी पाहिली आहे. त्र्याण्णवचा उंबरा माझा. आणखी तीन माझे आहेत, ते तूच शोध. या वेळी खालून उत्तर मिळणार नाही.

तुझ्या खिडकीला पट्टी घालू नको, पट्टी वाकतेच. रंगाच्या रेघेवरून पातळ पटाशीची धार फिरव, चारी बाजूंनी, घाई न करता. मग तळहातानं एकच धक्का. पटाशी पार्सलनं पाठवतोय. तिथल्या दर्शनी भागाला काही नियम असला तर आधी विचार. तू विचारशीलच.

आता तिसरी अट. "जाळी वापरात नसताना बंद ठेवावी."

काल ऊन उतरल्यावर मी मामीला म्हटलं, चल आत, जाळी बंद करायची आहे, लेखी अट आहे.

ती तिथेच बसून राहिली, बाळाला थोपटत. पाटी मागून घेतली आणि माझ्यापुढे धरली. मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, "मी वापरतेय."

मामा